स्तूपाला दार का नसतं?

प्रश्न : सुट्टीत आम्ही भोपाळला नातेवाइकांकडे गेलो होतो, तेव्हा सांचीचा स्तूप पाहून आलो. माझ्या लेकीने मोठ्या स्तूपाला फेरी मारली आणि विचारलं, "आई, याचं दार कुठंय?" नागपूरला दीक्षाभूमीच्या स्तूपात आम्ही कितीतरी वेळा आत गेलो आहोत, त्यामुळे मग मीही गोंधळले. दार नाही, तर आत आहे तरी काय? बुद्धांच्या अस्थी आहेत का? तोरणांवर एवढं कोरीवकाम, पण त्यात बुद्धांची मूर्ती कशी नाही? हे सगळं अशोकाने एकट्याने बांधलं का? आणि आसपास नुसती जोती उरली आहेत, तिथे म्हणे भिक्खू राहायचे. ते कुणी पाडलं?
– एक वाचक, वर्धा

उत्तर : ताई, लेकीला आमच्याकडून शाबासकी द्या. दोनशे वर्षांपूर्वी एका इंग्रज अधिकाऱ्यालाही हाच प्रश्न पडला होता. त्याने तो कुणाला विचारला नाही, सरळ कुदळी मागवल्या. त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

आधी सरळ उत्तर. दार नाही, कारण आत जायला जागाच नाही. सांचीचा मोठा स्तूप भरीव आहे. काहीतरी पूज्य वस्तू मध्यभागी ठेवायची, ती कायमची झाकायची आणि मग तिच्याभोवती प्रदक्षिणा घालायची, यासाठी स्तूप बांधत. आत बसून काही करण्याची कल्पनाच त्यात नव्हती. तुमचा गोंधळ झाला तो दीक्षाभूमीमुळे, आणि तो साहजिक आहे. २००१ मध्ये खुला झालेला तो स्तूप आतून पोकळ आहे, कारण तिथे येणाऱ्या लोकांना आत जाऊन वंदन करता यावं असाच त्याचा आराखडा होता. मुंबईजवळ गोराईला २००९ मध्ये पूर्ण झालेला विश्व विपश्यना पॅगोडाही असाच. मधे एकही खांब नसलेल्या त्या घुमटाखाली सुमारे ८००० माणसं ध्यानाला बसू शकतात. या दोन्ही वास्तूंचा बाहेरचा आकार जुन्या परंपरेतला आहे, आतला वापर मात्र आपल्या काळाचा. जुना स्तूप पाहताना हा फरक लक्षात ठेवला की निम्मे प्रश्न सुटतात.

आता 'आत काय आहे' याचं पहिलं उत्तर जरा गमतीचं आहे. मोठ्या स्तूपाच्या आत एक लहान स्तूप आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अशोकाच्या काळात इथे विटांचा स्तूप उभा राहिला. तो आजच्या साधारण निम्म्या आकाराचा होता. पुढे शंभरेक वर्षांनी, शुंगांच्या काळात, त्याला हात न लावता भोवती दगडांची भर घालून, वर घडीव दगडांचं आवरण चढवून तो दुप्पट केला गेला. जुनी पवित्र वास्तू पाडायची नाही, तिला पोटात घेऊन नवी मोठी करायची, ही रीत पुढे अनेक स्तूपांच्या बाबतीत दिसते. आज त्याचा व्यास साडेछत्तीस मीटर आणि उंची साडेसोळा मीटरच्या आसपास आहे. आपण पाहतो ते उघडे दगडही मूळचं रूप नव्हे. त्यांवर चुन्याच्या गिलाव्याचा जाड थर होता. माथ्यावरची चौकोनी हर्मिका आणि तिच्यातून वर आलेली तीन दगडी छत्रं, भोवतीचा दगडी कठडा म्हणजे वेदिका, आणि सर्वांत शेवटी, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात, चार दिशांची चार तोरणं, अशी भर पडत गेली.

तेव्हा 'अशोकाने एकट्याने बांधलं का' याचं उत्तर नाही असंच आहे. सुरुवात त्याची. पण तुम्ही ज्या तोरणांचे फोटो काढलेत, ती त्याच्यानंतर दोनशे वर्षांनी उभी राहिली, आणि त्यांचा खर्च राजाच्या तिजोरीतून आला असंही दिसत नाही. वेदिकेच्या खांबांवर, आडव्या पट्ट्यांवर, फरशांवर लहान लहान लेख कोरलेले आहेत. ते शेकड्यांनी आहेत, आणि बहुतेकांत एवढंच असतं, की हा खांब अमक्या गावच्या अमक्याचं दान. देणाऱ्यांत व्यापारी आहेत, गृहिणी आहेत, भिक्खू आणि भिक्खुणीही आहेत. दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्या कारागिरांनी आपण हे काम केल्याचं नोंदवलं आहे. हस्तिदंतावर बारीक काम करणारा हात दगडावर फिरला, की एका हत्तीच्या अंगावरचे साखळदंडही कसे सुटे सुटे दिसतात, ते त्या तोरणाजवळ उभं राहिलं की कळतं. याच तोरणावर सातकर्णी राजाच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याचंही दान कोरलेलं आहे. सातकर्णी म्हणजे सातवाहन, आणि सातवाहनांचं पैठण आपलं. सांचीचं आणि महाराष्ट्राचं नातं इतकं जुनं आहे. खरं तर पैठणहून माहिष्मती, उज्जयिनी करत विदिशेला जाणारी वाट सुत्तनिपात या पाली ग्रंथातल्या, बावरी नावाच्या गुरूच्या शिष्यांच्या कथेतही येते.

या दानलेखांनी आणखी एक मोठं काम केलं. १८३७ मध्ये जुन्या लिपींचे अभ्यासक जेम्स प्रिन्सेप यांच्यासमोर सांचीच्या लेखांचे ठसे आले. लिपी वाचता येत नव्हती, पण बहुतेक छोट्या लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरं येतात हे त्यांच्या ध्यानात आलं. देवस्थानाच्या खांबांवर लोक दान दिल्याचंच कोरणार, असा तर्क करून ती अक्षरं 'दानं' अशी वाचली, आणि ब्राह्मी लिपीचं कुलूप उघडलं. अशोकाचे लेख आपण आज वाचू शकतो, त्यात या नावगाव सांगून खांब देणाऱ्या माणसांचा वाटा आहे.

आता अस्थींकडे वळू. 'प्रत्येक स्तूपात बुद्धांच्या अस्थी असतात' हा समज फार पसरलेला आहे, आणि तो बरोबर नाही. परंपरेत स्तूपांचे मुख्य प्रकार तीन. शारीरिक, म्हणजे बुद्धांच्या किंवा त्यांच्या थोर शिष्यांच्या अस्थींवर बांधलेले. पारिभोगिक, म्हणजे त्यांनी वापरलेल्या भिक्षापात्रासारख्या वस्तूंवर बांधलेले. आणि उद्देशिक, म्हणजे केवळ स्मरणासाठी उभारलेले, ज्यांत पुरलेलं काही नसलं तरी चालतं. बाहेरून पाहून यांतला कोणता प्रकार आहे ते सांगता येत नाही.

हे सांगता येत नाही म्हणूनच १८२२ मध्ये जॉन्सन नावाच्या कॅप्टनने मोठा स्तूप माथ्यापासून पायापर्यंत एका बाजूने फोडला. चार वर्षांपूर्वीच, १८१८ मध्ये, जनरल टेलर यांनी झाडीत दडलेल्या या जागेची पहिली माहिती दिली होती, आणि तेव्हा स्तूपाचा घुमट जवळजवळ शाबूत होता. जॉन्सनला आत खजिना मिळाला नाही. अस्थींची पेटीही मिळाली नाही. पाडलेलं खिंडार तसंच सोडून मंडळी निघून गेली. पुढे पावसाळ्यामागून पावसाळे त्या खिंडारातून पाणी मुरलं, भर ढासळली आणि पश्चिमेचं तोरण वेदिकेच्या काही भागासकट कोसळलं. दोन हजार वर्षं जे उभं होतं ते एका माणसाच्या उत्सुकतेने पडलं, आणि तेही पोकळ नसलेल्या वस्तूत पोकळी शोधण्याच्या नादात. आज तुम्ही पाहिलेलं पश्चिम तोरण नंतर पुन्हा उभारलेलं आहे.

१८५१ मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम आणि मेसी हे दोन अधिकारी आले. त्यांनीही खोदलंच, पण बरोबर मध्यावर, आणि काय कुठे मिळालं ते लिहून ठेवून. मोठ्या स्तूपात त्यांनाही काही मिळालं नाही. मात्र त्याच्या ईशान्येला जो एकाच तोरणाचा लहान स्तूप आहे, ज्याला क्रमांक ३ म्हणतात, त्यात दोन दगडी पेट्या निघाल्या. एकीच्या झाकणावर सारिपुत्तांचं नाव, दुसरीवर महामोग्गल्लानांचं. बुद्धांचे हे दोन पट्टशिष्य. पेट्यांच्या आत शंखजिऱ्याच्या पांढऱ्या डब्या, त्यांत अस्थींचे तुकडे, मोती आणि रंगीत मणी, जवळ चंदनाचे तुकडे. सर्वांत नवल वाटावं अशी गोष्ट डबीच्या झाकणाच्या आतल्या अंगाला होती. एकीत शाईने 'सा' आणि दुसरीत 'म' लिहिलेलं होतं. कुणाची डबी कोणती याची गल्लत होऊ नये म्हणून कुणीतरी ऐन वेळी खूण करून ठेवली, आणि ती शाई दोन हजार वर्षं टिकली. डोंगरउतारावरच्या स्तूप क्रमांक २ मध्ये तर दहा धर्माचार्यांच्या अस्थी मिळाल्या.

त्या दोन शिष्यांच्या अस्थी पुढे लंडनच्या संग्रहालयात गेल्या. १९४७ मध्ये त्या परत निघाल्या, काही काळ श्रीलंकेत राहिल्या आणि १९५२ मध्ये सांचीला आल्या. स्तूपांजवळच बांधलेल्या चेतियगिरी विहारात त्या ठेवल्या आहेत. दरवर्षी नोव्हेंबरच्या अखेरच्या रविवारी त्या दर्शनाला काढतात, तेव्हा तिथे मोठी जत्रा भरते. म्हणजे लेकीच्या प्रश्नाचं नेमकं उत्तर असं, की मोठ्या स्तूपात काही सापडलं नाही, आणि शेजारच्या धाकट्यात सापडलं.

भिक्षापात्रावरच्या स्तूपाचं उदाहरण पाहायला मध्य प्रदेशात जावं लागत नाही. पालघर जिल्ह्यात नालासोपाऱ्याला 'बुरूड राजाचा कोट' म्हणून एक टेकाड होतं. एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते खणलं, तर आत विटांचा स्तूप. त्याच्या पोटात एक मोठी गोल दगडी पेटी, आणि तिच्यात एकात एक अशा तांब्याच्या, चांदीच्या, दगडाच्या, स्फटिकाच्या आणि शेवटी सोन्याच्या डब्या. भोवती धातूच्या आठ लहान बुद्धमूर्ती आणि सोन्याची फुलं. इतक्या थाटामाटाने जपलेल्या सोन्याच्या डबीत मात्र होते साध्या मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे. ते बुद्धांच्या भिक्षापात्राचे असल्याची श्रद्धा असणार, एरवी कुणी खापरांसाठी सोनं खर्चत नाही. या वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. त्याच वर्षी सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही मिळाला. तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. विदर्भातल्यांनी आणखी जवळचं ठिकाण पाहावं. भंडारा जिल्ह्यात पवनीला १९६९-७० मध्ये झालेल्या उत्खननात मोठे स्तूप उजेडात आले आहेत, आणि वर्ध्याहून ते सांचीपेक्षा कितीतरी जवळ.

सह्याद्रीतल्या लेण्यांचा हिशेब वेगळा. कार्ल्याच्या चैत्यगृहातला स्तूप मूळ कातळातूनच कोरलेला आहे. त्यामुळे त्याला 'आत' असण्याचा प्रश्नच येत नाही. लोक मात्र चैत्यगृहाच्या भव्य दारातून आत जातात आणि 'स्तूपात गेलो' असं सांगतात. ते गेलेले असतात स्तूपाच्या घरात. कार्ल्याला गेलात तर स्तूपाच्या डोक्यावरची लाकडी छत्री नक्की पाहा. ती मूळचीच आहे. भाज्याला चौदा लहान स्तूपांचा एक गट आहे. त्यांतल्या काहींवर थेरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंची, नावं आहेत.

मूर्तीचं काय, असं तुम्ही विचारलंत. तोरणं कोरली गेली त्या काळात बुद्धांना माणसाच्या रूपात दाखवायची पद्धत रूढ नव्हती. बोधिवृक्ष, रिकामं आसन, पाऊलखुणा, धर्मचक्र, छत्र या खुणांनी ते सुचवले जात. पूर्वेच्या तोरणावर सिद्धार्थाने घर सोडल्याचा प्रसंग आहे. त्यात कपिलवस्तूच्या वेशीतून घोडा बाहेर पडतो, पुढेपुढे जात राहतो, त्याच्यावर कुणीतरी छत्र धरलेलं असतं, आणि पाठीवर कुणीच नसतं. पट्टीच्या शेवटी तोच घोडा पाऊलखुणांपाशी थांबून परत फिरतो, तेव्हा छत्र नसतं. म्हणजे स्वार उतरला. एवढ्या साधनांत इतकी गोष्ट सांगणारा शिल्पकार आम्हाला तरी मूर्तिकारापेक्षा वरचढ वाटतो. पण मूर्ती 'कुठेच नाही' हे मात्र खरं नाही, ताई. चारही प्रवेशांसमोर, स्तूपाला पाठ टेकून बसलेल्या चार बुद्धमूर्ती आहेत. त्या गुप्तकाळातल्या, तोरणांहून जवळजवळ पाचशे वर्षांनी धाकट्या. तोरणाकडे मान वर करून पाहताना समोरची मूर्ती नजरेतून निसटते, हे अनेकांचं होतं.

या चार मूर्तींचा उल्लेख एका लेखात आहे, आणि त्यातून विहारांचा संसार कसा चाले तेही कळतं. इ. स. ४५०च्या सुमाराला हरिस्वामिनी नावाच्या उपासिकेने इथल्या संघाला बारा दिनार दिले. अट अशी, की मुद्दल मोडायची नाही, व्याजातून रोज एका भिक्खूला जेवण द्यायचं. आणखी तीन दिनार रत्नगृहातल्या तीन दिव्यांसाठी आणि एक दिनार चार बुद्ध बसतात त्या जागी एका दिव्यासाठी. आपल्याकडे नाशिकच्या लेण्यांत याच्याही आधीचा असा व्यवहार कोरलेला आहे. उषवदात नावाच्या दात्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघटनेकडे, २००० कार्षापण नाणी दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले, आणि त्या व्याजातून वर्षावासात राहणाऱ्या वीस भिक्खूंच्या कापडाची सोय केली.

वर्षावास हेच विहारांचं मूळ. भिक्खूंनी आठ महिने फिरायचं आणि पावसाळ्यात एका जागी राहायचं, असा नियम. पावसाळ्याची सोय म्हणून निवारा आला, आणि हळूहळू तो कायमचा झाला. रचना म्हणाल तर आपल्या चौसोपी वाड्यासारखी, म्हणजे मधे मोकळं अंगण, चारी बाजूंना ओसरी आणि ओसरीच्या मागे ओळीने खोल्या. फक्त खोल्या अगदी लहान, एका माणसाच्या अंथरुणापुरत्या. त्या कोंदट वाटतात कारण त्या झोपण्यासाठीच होत्या. बाकी दिवस अंगणात, ओसरीवर आणि भिक्षेसाठी वाटेवर जायचा. भिक्षेचंही गणित इथे जमलेलं होतं. विदिशा हे श्रीमंत व्यापारी शहर दहा किलोमीटरच्या आत, आणि टेकडी मात्र गलक्यापासून दूर. बुद्ध स्वतः सांचीला आल्याची कुठे नोंद नाही, तरी स्तूप इथेच का, याचं मुख्य कारण विदिशेत आहे. अशोकाची पत्नी देवी विदिशेच्या व्यापाऱ्याची मुलगी होती, असं सिंहली परंपरा सांगते.

मग हे पाडलं कुणी? सैन्याने येऊन सांची उद्ध्वस्त केल्याच्या खुणा नाहीत. बाराव्या शतकापर्यंतची शिल्पं इथे मिळतात, त्यानंतर जागा ओस पडत गेली. दान देणारे उरले नाहीत तसे राहणारेही गेले. माणूस गेला की विहार पडायला शत्रू लागत नाही. छपराचं लाकूड कुजतं, पाणी भिंतीत शिरतं, वरचा भाग खाली येतो आणि शेवटी जोती उरतात. ती तुम्ही पाहिलीत. आज ती इतकी स्वच्छ दिसतात ती पुरातत्त्वज्ञ जॉन मार्शल यांच्या १९१२ ते १९१९ या काळातल्या कामामुळे. त्यांनीच एक नोंद करून ठेवली आहे. दक्षिण तोरणाजवळ अशोकाच्या स्तंभाचा बुंधा उभा आहे ना, तो स्तंभ एका स्थानिक जमीनदाराने उसाच्या चरकासाठी मोडला. डागडुजी करणाऱ्यांच्याही हातून चुका झाल्या. दक्षिण तोरण पुन्हा उभं करताना त्याच्या वरच्या आणि खालच्या तुळया पुढचं मागे करून बसल्या, आणि तशाच आहेत.

पुन्हा जाल तेव्हा दक्षिणेच्या तोरणाने शिरा, कारण मूळ मुख्य प्रवेश तोच. वरच्या प्रदक्षिणापथाचा दुहेरी जिना याच बाजूला आहे. शिरल्यावर डावीकडे वळा म्हणजे स्तूप उजव्या हाताला राहील. वेदिकेच्या खांबांवरचे दानलेख लेकीला दाखवा, ते तिच्या नजरेच्या उंचीवर आहेत. खांबांवर हात मात्र टेकू देऊ नका. अशोकाच्या स्तंभाचा चार सिंहांचा शीर्षभाग पायथ्याच्या संग्रहालयात आहे, आणि ते संग्रहालय शुक्रवारी बंद असतं.